वाफेच्या सोलापुरातील कासारीण : एका हस्तलिखिताचे प्रकरण

पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी सोलापुरातील एका शिक्षिकेने आपल्या पहिल्या कादंबरीचा खर्डा माझ्याकडे संपादनासाठी दिला. त्यांची ओळख पटेल असा तपशील मी येथे देत नाही, आणि कादंबरी अद्याप छापून आलेली नसल्यामुळे पात्रांची नावेही टाळली आहेत. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या मंडळींना उपयोग व्हावा, या हेतूने आणि लेखिकेच्या संमतीने हे प्रकरण मांडत आहे.

कादंबरी स्टीमपंक या प्रकारातील रहस्यकथा होती. हा शब्द १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने वापरात आणला. वाफेची यंत्रे मागे न पडता तीच वाढत, सुधारत गेली असती तर जग कसे दिसले असते, या कल्पनेवर अशा कथा उभ्या असतात, आणि त्यांतील बहुतेक कथा लंडनच्या धुक्यात घडतात. लेखिकेचे म्हणणे असे होते की वाफेसाठी आपल्याला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या निघून कित्येक पिढ्यांचा दिवस भोंग्यावर उगवला आणि भोंग्यावर मावळला. शिवाय सोलापूरला चादर आहे. चादरीच्या जकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची जी माळ फिरते, ती युक्ती जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केली, आणि तीच कल्पना चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. ज्या गावात हे पुठ्ठे अजूनही कारखान्यांतून पाहायला मिळतात, त्या गावाला या साहित्यप्रकारात पाहुण्यासारखे बसण्याचे कारण नाही, हे त्यांचे मत मला पहिल्याच भेटीत पटले.

पहिल्या खर्ड्याची कथा १८९० च्या दशकातील होती. गावावर चार गुन्हेगार घराण्यांची सत्ता आहे, भुईकोट किल्ल्यावरून वाफेची विमाने जातात, एका गिरणीतील बॉयलर फुटतो, आणि एक तरुण विधवा इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून घरोघरी बांगड्या भरणाऱ्या कासारणीचे सोंग घेऊन या घराण्यांच्या माजघरांत शिरते. कल्पनेत दम होता. भाषा स्वच्छ होती. तरीही कादंबरी वाचून संपली की तिच्यातले काहीच मनात राहत नव्हते.

अडचण

ही अडचण मी सुरुवातीला चुकीची ओळखली. मला वाटले, रहस्याची बांधणी सैल आहे. बॉयलर कोणी फोडला हे वाचकाला अर्ध्यातच कळते आणि पुढची प्रकरणे केवळ पाठलागाची उरतात, असे मी लेखिकेला लिहून कळवले. त्यांनी दोन महिने खपून पाठलाग घट्ट केले, एक नवा संशयित आणला, एक पत्र हरवले आणि सापडवले. कादंबरी अधिक चपळ झाली, परंतु तिच्यात जीव आला नाही.

खरी अडचण दाखवून दिली ती एका वाचकाने. लेखिकेचा कन्ना चौकाजवळ एक छोटा वाचनगट आहे. त्या गटात सेटलमेंट भागात वाढलेले एक निवृत्त शिक्षक येत असत. खर्डा वाचून झाल्यावर त्यांनी तो बंद करून मांडीवर ठेवला आणि शांतपणे विचारले, "मॅडम, तुमची ही चार घराणी जन्मानेच गुन्हेगार आहेत का?"

लेखिकेने सांगितले, "सर, ती नुसती कल्पना आहे. इंग्रजी कथांत अशी घराणी असतात."

"असतील. पण आमच्या आजोबांना सरकारने कागदावर तेच लिहून दिलं होतं."

सेटलमेंट म्हणजे काय, हे सोलापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यातही आली, आणि सोलापुरात तारांच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथील माणसांनी गिरण्यांत काम केले, हजेऱ्या दिल्या, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही या धाकात मुले वाढवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हा कायदा देशात टिकून होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. लेखिकेच्या खर्ड्यातील एक घराणे डोंगराळ भागातून आलेले, भटके, पिढीजात दरोडेखोर असे रंगवलेले होते. कोणत्याही जमातीचे नाव त्यात नव्हते. तरीही सोलापुरात ते वाचणाऱ्या माणसाला नाव लागत नाही.

ही गोष्ट मला दिसली नव्हती, याची खंत मला आजही आहे. मी रहस्याचे सांधे तपासत बसले आणि संशय कोणावर ठेवला आहे याकडे पाहिलेच नाही.

दुसरी अडचण पहिलीला लागूनच होती. नायिका गुप्तहेर आहे हे तिचे गुपित. पण ते उघड झाले तर काय बिघडते, याचे उत्तर कथेत नव्हते. इंग्रज अधिकारी पाठीशी होता. फार तर तिला गाडीत बसवून पुण्याला पाठवले असते. अमेरिकेत केट वॉर्न ही बाई १८५६ साली पिंकर्टनच्या गुप्तहेर संस्थेत रुजू झाली होती, हे लेखिकेने वाचले होते, आणि नायिकेचा साचा नकळत तिथून आला होता. बाहेरच्या जगात नोकरी करणारी हेर आणि १८९० च्या दशकातील सोलापुरात घराघरांत शिरणारी विधवा यांच्यातील अंतर खर्ड्यात कोठेही जाणवत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

घराण्यांबाबत आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे काळाचा आधार घेणे : कथा १८९० च्या दशकातली, इलाख्यात कायदा आला १९११ मध्ये, तेव्हा आक्षेप लागू होत नाही. माझा कल काही दिवस याच बाजूला होता, हे मान्य केले पाहिजे, कारण त्यात पानांना हात लावावा लागत नव्हता. निवृत्त शिक्षकांनी एवढेच म्हटले की कथा तेव्हाची असली तरी वाचणारा आजचा आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी वाट कादंबरी एखाद्या काल्पनिक शहरात नेण्याची होती. लेखिकेने ती ऐकल्या ऐकल्या नाकारली. सोलापूर काढले तर पुठ्ठे, भोंगे, गड्ड्याची यात्रा सगळेच उपरे होईल, असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होते.

तिसरी वाट सर्वांत कष्टाची होती. घराणी ठेवायची, त्यांचे गुन्हेही ठेवायचे, मात्र गुन्हा रक्तातून न येता व्यवहारातून यावा, आणि ज्या घरांवर गावाचा संशय कधी जातच नाही त्या घरांत तो सापडावा. यासाठी त्या काळात सोलापूर जिल्ह्यात पैसा कसा फिरत होता याचा अभ्यास करणे भाग होते.

नायिकेच्या गुपिताबाबतही बरीच चर्चा झाली. तिला सुईण करावे, असे एकीने सुचवले. भिक्षुणी करावे, असे दुसरीने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या प्रकारांत भिक्षुकी आहेच, हा तिचा आधार. गिरणीत कांड्या भरणारी बाई करावे, हा पर्याय मला आवडला होता. परंतु १८९१ च्या कारखाने कायद्याने बायकांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातल्यानंतरसुद्धा इतके तास गिरणीत काढणारी बाई लोकांच्या माजघरात जाणार केव्हा, हा प्रश्न सुटत नव्हता. कासारीणच योग्य होती. ती निमंत्रणावाचून घरात येते, सासू आणि सून दोघींचेही हात हातात घेते, आणि बांगडी मनगटावरून सरकवताना बाई दुखण्यावरून लक्ष जावे म्हणून काहीतरी बोलत राहते. त्या बोलण्यातच घराची सगळी खबर असते.

आणि इथेच गटातील एका वयस्कर बाईंनी विचारले, "अहो, पण ती विधवा आहे ना? मग सवाष्णीच्या हातात बांगड्या भरू देतील का तिला?"

खोलीतील सगळे गप्प झाले. पूर्ण कादंबरी या एका सोंगावर उभी होती, आणि ते सोंग त्या काळातील एकाही उंबरठ्याने चालवून घेतले नसते.

निर्णय आणि कृती

मी त्या दिवशी प्रकरण हातचे गेले असे समजून घरी आले. लेखिकेने मात्र त्याच रात्री एक पान लिहून मला पाठवले. नायिका पहाटे उठून कोपऱ्यातील आरशासमोर बसते, कपाळाला मेण लावून त्यावर पिंजर टेकवते, दोन्ही हातांत हिरवा चुडा चढवते आणि बाहेर पडते. रात्री ती चुडा उतरवते आणि कुंकू पुसते. कुंकू आधी पाण्याने निघत नाही, मग ती तेलाचे बोट फिरवते, आणि त्या तेलकट लाल बोटाकडे बराच वेळ पाहत राहते.

या एका पानाने कादंबरीचा पाया बदलला. ती हेर आहे हे आता तिचे मोठे गुपित राहिले नाही; ती विधवा आहे हे झाले. हेर म्हणून पकडली गेली तर तिला मारहाण होईल, पण विधवा म्हणून पकडली गेली तर ज्या ज्या घरात तिने हळदीकुंकवाच्या दिवशी चुडे भरले त्या प्रत्येक घरातील बाई तिच्या नावाने बोटे मोडील, आणि त्यात तिला जीव लावणाऱ्याही असतील. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो त्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत ती मुठीत अक्षता धरून उभी आहे आणि त्या टाकाव्यात की नाही हे तिला ठरवता येत नाही, असा प्रसंग पुढे आपोआप आला. पहिल्या खर्ड्यात याच यात्रेतील शोभेच्या दारूकामात बॉम्बस्फोट होता. तो काढून टाकण्याचा निर्णय लेखिकेचा स्वतःचा.

यानंतर इंग्रज अधिकाऱ्याची गरज उरली नाही. फुटलेल्या बॉयलरचा आगवाला, म्हणजे भट्टी सांभाळणारा कामगार, हाच नायिकेचा नवरा ठरला. तो त्या स्फोटात मेला आणि चौकशीत दोषही त्याच्याच माथी आला : दारू प्यायला होता, पाणी कमी झाले ते त्याने पाहिले नाही. त्यामुळे तिला कोणी कामावर नेमण्याचे कारणच राहिले नाही.

घराण्यांसाठी आम्ही तीन व्यवहार निवडले. एक घर धान्याचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला होता, आणि त्याच काळात, १८७७ मध्ये, पहिली गिरणी सुरू झाली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की भुकेने गावात आलेला माणूस आणि गिरणीला हवा असलेला माणूस एकच होता हे लक्षात येते. दुसरे घर आबकारीच्या, म्हणजे दारूविक्रीच्या, मक्तेदाराचे. मुंबई आबकारी कायदा १८७८ चा, आणि सोलापूरच्या उत्तरेला व पूर्वेला काही मैलांवर निजामाची हद्द लागत असे. दोन राज्यांतील दराच्या फरकावर जगणाऱ्या घराला याहून सोयीची जागा मिळाली नसती. तिसरे घर जॉबरचे, म्हणजे गिरणीसाठी कामगार भरती करणाऱ्या मुकादमाचे : कामावर घेताना दस्तुरी (वरकड पैसे) घ्यायची, नंतर त्याच माणसाला व्याजाने पैसे द्यायचे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला सावकारापासून काही संरक्षण दिले आणि सोलापूर जिल्हा त्या कायद्याखाली होता. पण गिरणीच्या फाटकाबाहेर चालणारे कर्ज त्याच्या कक्षेत कितपत येणार? चौथे घराणे, ते डोंगरातून आलेले, पूर्ण काढले. त्यातील एक तरुण मात्र लेखिकेने ठेवला. स्फोटाच्या रात्री पोलीस सर्वप्रथम त्यालाच उचलतात, आणि त्याने काहीच केलेले नसते.

आता स्फोटाविषयी, कारण या कादंबरीचा मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे. पहिल्या खर्ड्यात बॉयलर सुरुंगाने उडवला होता. लेखिका एका जुन्या बॉयलर कामगाराकडे जाऊन बसल्या. त्या कामगाराने लेखिकेला फडक्यात गुंडाळलेला, बॉयलरमधल्या खपलीचा एक तुकडा दाखवला : करड्या-पांढऱ्या रंगाचा, बोटाच्या पेरापेक्षा जाड, कडेने पापुद्रे दिसणारा. जड पाणी उकळत राहिले की त्यातील क्षार पत्र्याला आतून धरतात, थर वाढत जातो, पत्र्याची उष्णता पाण्यात जाईनाशी होते, आणि अखेर पत्रा लालबुंद होऊन दाबापुढे हार मानतो. पाणी कमी झाले तर वितळून धोक्याची सूचना देणारी एक मऊ धातूची गुडदी, म्हणजे बूच, भट्टीच्या माथ्यावर बसवलेली असते. ती कोणी बदलून पितळेची ठोकली तर शेवटची सूचनाही जाते.

हे ऐकल्यावर रहस्य जागेवर बसले. वाफ म्हणजे पाणी, आणि सोलापूर पाण्याच्या टंचाईचे गाव. ज्या गावाच्या ग्रामदैवताची ओळखच तलाव खोदवणारा सिद्धरामेश्वर अशी आहे, तिथे वाफेच्या राज्यात सत्ता पाण्यावरच असणार. कादंबरीत आता असे घडते की अवर्षणाच्या वर्षी गिरणीच्या वाट्याचे तलावाचे गोडे पाणी जॉबरचे घर रात्री विकते आणि बॉयलरमध्ये खारट विहिरीचे पाणी सोडते. आगवाल्याने तक्रार केली होती, म्हणून गुडदी बदलली गेली. नायिका नवऱ्याच्या कामाच्या जागी सापडलेली क्षारांची तशीच एक खपली बांगड्यांच्या पेटीत, कापसाच्या बोळ्यात ठेवून सगळीकडे वाहते आणि एकेका घरच्या विहिरीचे पाणी तोंडात धरून पाहते.

पाण्याचा चोरटा हिशेब वहीत नसून जकार्डच्या पुठ्ठ्यांत आहे, ही युक्ती लेखिकेची. एका पुठ्ठ्यावर बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तेथे धागा खालीच राहतो. नायिका विणकराची मुलगी आहे. माळ उलगडून ती डोळे मिटून भोकांवरून बोट फिरवते आणि तिला कळते की हा मोराच्या काठाचा नमुना आहे, पण दर काही पुठ्ठ्यांनंतर एक पुठ्ठा मोराचा नाही. त्या उपऱ्या पुठ्ठ्यांत गाड्यांची संख्या आहे. सोलापूरची जकार्ड चादर प्रत्यक्षात विसाव्या शतकातील, आणि लेखिकेने ती मागे आणली आहे. यावर गटात वाद झाला. माझे मत असे पडले की या साहित्यप्रकारात यंत्राचे वय बदलण्याची मुभा असते आणि ती घ्यावी. माणसे एकमेकांशी कशी वागत, कोणाला घरात घेत आणि कोणाला ओसरीवरच थांबवत, यात ती घेऊ नये.

निष्पत्ती

तिसरा खर्डा पूर्ण झाला तेव्हा कादंबरी पहिल्यापेक्षा बरीच लहान झाली होती. एका प्रकाशकाने ती परत पाठवली. स्टीमपंक म्हटल्यावर विमाने आणि पितळी चष्मे हवेत, येथे बांगड्या आणि विहिरी आहेत, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या ठिकाणी ती सध्या विचाराधीन आहे.

निवृत्त शिक्षकांनी तिसरा खर्डाही वाचला. ते पूर्ण समाधानी नव्हते. निरपराध तरुणाला पकडून नेतात तो प्रसंग त्यांना आवडला, पण पुढे तो सुटतो केव्हा, घरी जातो का, त्याची आई काय म्हणते, हे कादंबरीत कुठेच नाही, असे त्यांनी निदर्शनास आणले. नायिकेच्या नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसला गेला आणि या मुलाचा मात्र पोलिसांच्या कागदावर तसाच राहिला. लेखिकेने त्यावर एक प्रकरण लिहायला घेतले आहे.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिल्या वाचनात मी घटनाक्रम तपासला. आता कोणतीही गुन्हेकथा हाती आली की आधी एक साधी यादी करते : लेखकाने संशय कोणाकोणावर ठेवला आहे, आणि त्या लोकांपैकी कोणी हे पान वाचले आहे का. ही यादी मी तेव्हा केली असती तर लेखिकेचे पाठलाग घट्ट करण्यात गेलेले दोन महिने वाचले असते.

दुसरी चूक उलट बाजूची. घराण्यांची फेररचना करताना मी लेखिकेवर कायदे आणि सनावळ्यांचा इतका मारा केला की मध्ये काही आठवडे त्यांचे लिहिणेच थांबले. त्यांनी मला नंतर सांगितले की प्रत्येक वाक्याला पुरावा लागेल अशी भीती बसली होती. ती भीती त्या खपलीच्या तुकड्याने घालवली. मी त्यांना आधी त्या कामगाराकडे आणि जकार्ड मागाच्या कारखान्यात पाठवायला हवे होते, आणि गॅझेटियर नंतर हातात द्यायला हवे होते.

वाफेची विमाने काढायला लावली, याबद्दल मात्र माझ्या मनात अजून दुमत आहे. शेवटच्या खर्ड्यात आकाशात काहीच नाही. लेखिकेच्या मूळ कल्पनेत एक लहान विमान होते, भुईकोटाच्या बुरुजाला दोराने बांधलेले, पाण्यावाचून महिनोन्महिने न उडालेले. ते ठेवायला हवे होते असे मी त्यांना गेल्या महिन्यात कळवले आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.